तुझ्या नातीनं सभेत खाल्लेला शिरा

आई, तू तुझ्या नातीला पाहिलं नाहीस, म्हणून आधी तिची ओळख करून देते आणि मग शिऱ्याचं सांगते. तू गेल्यावर काही वर्षांनी ती झाली. बाळंतपण अडलं, तिला श्वास उशिरा आला आणि तेवढ्यात मेंदूला व्हायची ती इजा झाली. पाय ताठ राहतात, हात एकीकडे न्यायचा तर दुसरीकडेच जातो, आणि बोलते ती एकेक शब्द जुळवत. डोकं मात्र इतकं तल्लख, की बाप कंपनीतून आला की जिन्यातल्या पावलांवरूनच आज ओव्हरटाइम झाला का ते सांगते. आता बारा वर्षांची आहे. लोक तिला जिद्दी म्हणतात, मी आगाऊ म्हणते. नाक तुझं आहे, आणि त्या नाकावरचा रागही तुझाच. तुम्हा दोघींचं फार जमलं असतं, आणि मला घरात कुणी विचारलं नसतं.

तिच्यासारख्या, जन्मताना इजा झालेल्या मुलांसाठी एक सरकारी योजना आहे. त्यातून मदतनीस ठेवायला भत्ता मिळतो. त्या भत्त्यावर आमच्याच गल्लीतल्या मावशी तिच्याजवळ थांबतात, आणि म्हणून मी चाकणला जाऊन गाड्यांचे पार्ट तपासायच्या टेबलावर उभी राहू शकते. भत्ता गेला तर मावशी गेल्या, आणि मावशी गेल्या की माझी नोकरी गेली, इतकं सरळ आहे ते. नियमात एक ओळ होती, की मूल स्वतःच्या हातानं जेवायला किंवा कपडे घालायला लागलं की भत्ता बंद. आणि गेल्या दिवाळीत ही बया स्वतःच्या हातानं जेवायला लागली. काय सांगू तुला, त्या दिवशी मी हसत होते, रडत होते आणि मधेच उठून दार लावून घेत होते. पेढे आणले ते आम्ही तिघांनी आणि मावशींनी खाल्ले. शेजारी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

ती शिकली ती तुझ्या पद्धतीनं, म्हणून तर तुला लिहितेय. भोसरीतली आपली खानावळ आठवते. पत्र्याची खोली, भिंतीला पाठ टेकून बसलेली वर्कशॉपमधली माणसं, आणि दुसरी पंगत बाहेर बाकड्यावर ताटकळलेली. त्यात एक जण आहे, ज्याची उजव्या हाताची बोटं प्रेस मशीनमध्ये गेलीत. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तो डाव्या हातानं भाकरीशी झटतोय, वरण मनगटावरून ओघळतंय. मी शाळकरी पोर, मला त्याची दया येते. मी जाऊन त्याच्यासमोर बसते आणि घास करून त्याच्या तोंडाशी नेते. तू चुलीपासूनच कडाडतेस, "काय करायलीस? बोटं गेल्यात त्याची, माणूस न्हाई गेला. सरक तिकडं." माझे कान तापतात. त्याच्यापेक्षा मलाच जास्त लाज वाटते. मग तू त्याच्यासाठी वरण घट्ट करून आणतेस, खोलगट ताटलीत भाकरी चुरून देतेस, आणि समोर बसून मेथी निवडत राहतेस, त्याच्याकडे न बघता. बाहेरची पंगत कुरकुरते, तू तिला थांबायला सांगतेस. तुला काळीजच नाही असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं होतं. लेकीला शिकवायची वेळ आली तेव्हा मी निमूटपणे घट्ट वरण केलं, खोलगट ताटली आणली आणि मेथीची जुडी घेऊन समोर बसले.

तर ऐक. थंडीत योजनेच्या कार्यालयातून बोलावणं आलं. नियम बदलायचेत, तर मुलांच्या घरच्यांनी मुलांना घेऊन यावं आणि आपलं म्हणणं सांगावं. आम्हाला आजवर असं कुणी विचारलेलं नव्हतं. आता आमची अक्कल बघ. आमच्यातली निम्मीअधिक माणसं कंपन्यांतली. बाहेरून साहेब येणार म्हटलं की आम्हाला एकच गोष्ट सुचते, ऑडिट. आम्हा पालकांच्या ग्रुपवर एका मुलाचे वडील आहेत, ते कंपनीत क्वालिटी खात्यात आहेत. त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं, की राव, विचारलं तेवढंच सांगायचं, जास्त बोललं की पॉइंट निघतो, चूक लिहून घेतात. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. साहेब लोक आपली तपासणी करायला नाही, आपल्याला विचारायला बोलावतायत, हे एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. मग घरोघरी तालमी झाल्या, पण सगळ्या उलट्या. नुकतीच बटणं लावायला शिकलेल्या पोराला टीशर्ट घातला गेला. मी लेकीला सांगितलं, आज मी भरवणार, तू नुसतं तोंड उघडायचं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मीच नजर वळवली.

सभागृहात आम्ही इस्त्रीचे कपडे घालून, तोंडाला कुलूप लावून बसलो. समोरच्या मॅडम चांगल्या होत्या, वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी विचारलं, नियमांत काय बदल हवेत? आम्ही म्हणालो, काही नाही मॅडम, सगळं व्यवस्थित आहे. त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलं, आमचं उत्तर तेच. बिचाऱ्या पेन मिटून बसल्या. सगळं व्यवस्थित असेल तर नियम आहेत तसेच राहणार, हे मला कळत होतं आणि तोंड काही उघडत नव्हतं. शेवटी त्यांनी चहा सांगितला, मुलांसाठी शिरा आला.

शिरा म्हणजे हिचा जीव की प्राण. मी चमचाभर शिरा तिच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटले. मी डोळे मोठे केले, तिनंही केले. मग तिनं कोपरानं माझा हात बाजूला सारला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी. खाते." आणि खायला लागली. हात ताटलीच्या कडेला गेला, परत आला, बोटं शिऱ्यात रुतली, थोडा हनुवटीला लागला, उरलेला बरोबर तोंडात गेला. क्वालिटीवाल्या वडिलांनी कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, गेली नोकरी. आणि त्याच मनात, खरं सांगते आई, आनंद मावत नव्हता. चार लोकांसमोर ती पहिल्यांदा जेवत होती.

मॅडम उठून तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या. त्यांनी मला नाही, तिला विचारलं, कसं गं जमलं तुला? तिनं घास गिळला, माझ्याकडे हात उडवला आणि म्हणाली, "आई बसते. मी खाते."

मॅडमनी मिटलेलं पेन उघडलं. मग माझं तोंड जे उघडलं ते मिटेना. म्हटलं, मॅडम, हेच सांगायचं होतं. मी भरवायचे तेव्हा पाच-दहा मिनिटांत उरकायचं. आता ती जेवते आणि कुणीतरी तासभर समोर बसतं, घास अडकला तर पाठीवर हात ठेवायला. शिकल्यावर मदत कमी लागत नाही, जास्त लागते. तुमच्या नियमामुळे आम्ही पोरांना जे येतं ते लपवून ठेवतो. ज्याचं कौतुक करायचं, तेच दडवतो.

आणि मग बांध फुटला. कुणी म्हणालं, माझा मुलगा स्वतः चड्डी बदलतो, पण कुणाला सांगायची सोय नाही. टीशर्टवाल्या पोराच्या आईनं भर सभेत स्वतःचं स्वेटर काढून त्याच्यापुढे धरलं आणि त्यानं त्याची बटणं लावून दाखवली, एक चुकलं तर सोडून पुन्हा. टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठ्यानं बोलत होते ते क्वालिटीवाले वडील, त्यांना खाली बसवता बसवता नाकी नऊ आले. मॅडम भराभर लिहीत होत्या आणि हसत होत्या. शिरा दुसऱ्यांदा मागवला.

या आठवड्यात नवे नियम आले. ती ओळ गेली. मूल स्वतःचं स्वतः करू लागलं तरी सोबत बसायला माणूस मिळेल, असं आता त्यात लिहिलंय. मी ते मावशींना वाचून दाखवलं, मग लेकीला. ती म्हणाली, पेढे. या वेळी अख्ख्या गल्लीत वाटले, दार सताड उघडं ठेवून.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तिला भरवायला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. तिच्या हाताला यश यावं म्हणून नवस केले, आणि आता माझेच हात रिकामे वाटतात. रविवारी कामाची घाई नसते, तेव्हा मी उगाच एक घास करून हातात धरून बसते, काही न बोलता. ती बराच वेळ लक्ष नसल्यासारखं करते. मग मोठा उपकार केल्यासारखं तोंड उघडते आणि आधी मला बजावते, "एकच."