उंदरांना लागू पडलं ते

४ मार्च

चि. छकुलीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील. इकडे तुझ्या विद्वत्तेनं घर हादरलंय.

वर्तमानपत्रात तुझ्या प्रयोगशाळेची बातमी आली, फोटोसकट. पेशी आपल्यातला कचरा स्वतःच खातात, ही सफाई मंदावली की मेंदूत घाण साचून कंपवातासारखे आजार होतात, आणि उपाशी उंदरांत सफाई जोरात चालते, असं तू सांगितलंस म्हणे. तुझ्या वडलांनी ते शिलाईच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं आणि जेवण सोडलं. ताट पुढे केलं की म्हणायचे, पेशी जेवताहेत, त्यांना जेवू दे. रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून कंपवाताच्या गोळ्याही बंद.

परवा कापड बेतता बेतता कोसळले. डॉक्टरांनी विचारलं, हा सल्ला कोणाचा, तर छाती फुगवून तुझं नाव सांगितलं! आता घरी आहेत, पण हट्ट कायम. फोनवर त्यांना नको ते ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच लिही.

लोभ आहेच, जरा धाकही दाखव.
तुझी आत्या

११ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. मी बातमीदाराला परोपरीनं सांगितलं होतं की माणसाचं अजून ठाऊक नाही, आजाऱ्यानं तर असलं काही करूच नये. त्यानं उंदीर ठेवले, बाकी गाळलं.

आणखी एक. आमच्या औषधानं सफाई वाढली, उंदीर सावरले. मग पेशी चांगला मालही खाऊ लागल्या आणि उंदीर पूर्वीपेक्षा जास्त लटपटू लागले. आमचे सर म्हणतात, निकाल ‘उत्साहवर्धक’ आहे असं लिही. माझा हात धजत नाही.

तुमच्या आजारासाठी हे काम धरलं आणि कामापायी घरीच आले नाही. उंदरांचे पाय कसे थरथरतात ते पाठ आहे. तुमचे हात मात्र मी कित्येक वर्षांत पाहिलेले नाहीत. बाबा, जेवा. गोळ्या घ्या.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची छकुली

१९ मार्च

चि. उंदरांच्या डॉक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस. ओळी माझ्या, वळणं हाताची. दोन्ही वेळा जेवतोय, गोळ्या घेतोय. तुझी आत्या लढाई जिंकल्यासारखी घरभर फिरते आहे.

खरं सांगू? उपास मी बरं होण्यासाठी केलाच नव्हता. जो तो विचारतो, तुमची मुलगी इतकी वर्षं उंदरांचं करते तरी काय? वाटलं, एक माणूस बरा झालेला दाखवावा, तोही घरचाच. फजिती झाली ती माझी, तुझी नव्हे. निकाल आहे तसा लिही.

सवड काढून येशील तर बरं. नाही आलीस तरी आशीर्वादात काटछाट नाही.
तुझे बाबा

२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सरांनी खरा निकाल छापायला पाठवला नाही, मी पाठवला. त्यामुळे सध्या मला भरपूर रजा आहे. वर्तमानपत्राला खुलासा छापा म्हटलं, तर म्हणाले, बातमी शिळी झाली.

मंगळवारी पोहोचते. कडी काढायला तू धावू नकोस. कितीही वेळ लागो, दार बाबांनाच उघडू दे. मी बाहेर थांबेन.

तुमच्या दोघांच्या मायेची हक्कदार,
छकुली