बटणं पोचेनात

सीवूड्स,
६ ऑगस्ट २०२४

ती. शालनताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. जाई पुढच्या महिन्यात शिकायला जर्मनीला चाललीय. तिला लोकरी कोट शिवला. काजं तू शिकवलीस तशी, दोऱ्याची नव्हे, कापडी. प्रत्येक फटीला कोटाच्याच कापडाच्या दोन बारीक पट्ट्या, मिटलेल्या ओठांसारख्या. कापड एकदा चिरलं की माघार नाही, म्हणून पुन्हा पुन्हा मोजून मगच कात्री लावली. एकही काज सूतभर सरकलेलं नाही.

आज जाईने कोट घातला, तर पोटावरचं बटण काजापर्यंत पोचेचना! चांगलं चार बोटं अंतर. महिन्यापूर्वी मापं मीच घेतली होती गं. मग मनात भलतंच आलं आणि ‘कोण आहे तो?’ असं तोंडातून गेलंही. जाई दार लावून रडली. ह्यांना अजून बोलले नाही. काय करू?

माया आहेच, तशीच राहू दे.
तुझी अरुणा

गुहागर,
९ ऑगस्ट

चि. अरुणास,
अनेक आशीर्वाद.

काय बोलून बसलीस पोरीला! कोट खांद्यात, बाहीत बसतो का, ते लिहिलंच नाहीस. तिथे बसत असेल तर तुझं माप बरोबर आहे. मे महिन्यात जाई इथे आली तेव्हा ताटावरून अर्धपोटी उठायची, मनगटं काडीसारखी झालेली. अशा मुलीचं नुसतं पोटच कसं वाढेल? कोट उसवत बसू नकोस. तिची माफी माग आणि आधी बायकांच्या डॉक्टरकडे ने. तुझं पत्र येईपर्यंत मला घास उतरायचा नाही.

दोघींची काळजी करणारी,
शालनताई

सीवूड्स,
२४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खांदे, बाह्या अगदी बरोबर होत्या. जाईची माफी मागितली. ती सोबत आली. सोनोग्राफी करणाऱ्या बाईने पडद्याकडे बघून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. अंडाशयावर शहाळ्याएवढी गाठ! दुखत काहीच नव्हतं. व्हिसाच्या टेन्शनने भूक लागत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

ऑपरेशन झालं. काल रिपोर्ट आला, गाठ साधी निघाली. तो वाचून हे हॉस्पिटलच्या पायरीवर बसले ते उठेचनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की, विमानात ही गाठ पिरगळली असती तर अवघड होतं. ताई, मी अजून त्या वाक्यापाशीच अडकलेय. जाई दुपारी झोपली की तिच्या नाकाशी हात धरून बघते. आत्ता लिहिता लिहिता हात धरला, तर ती डोळे न उघडताच म्हणाली की आई, जिवंत आहे मी, झोपू दे. आणि माझा हात ओढून घेतला.

ह्या शेवटच्या ओळींचं वेडंवाकडं अक्षर डाव्या हाताचं आहे. उजवा तिने अजून सोडलेला नाही.

तुझीच,
अरुणा