दुखत असेल तरच

४ सप्टेंबर

पुन्हा तीच! विद्यापीठाच्या विम्याच्या खिडकीत अठरा वर्षं बसतेय, पण अशी पोरगी पाहिली नाही. इतिहास शिकते, हॉस्टेलवर राहते. "मॅडम, दात दाखवायचेत." दुखतोय का? "नाही. दुखू नये म्हणून." घ्या! म्हटलं, बाळ, विमा दुखण्याचा असतो, हौसेचा नाही. दुखेल तेव्हा ये. मागची दोन पोरं फिदीफिदी हसली.

तिचं नाव ठेवलंय — दातवाली.

९ सप्टेंबर

दातवाली हजर. नियमांची प्रत मागते! आईचे सगळे दात चाळिशीत गेले म्हणे, आणि हिच्याही दाढेवर काळा ठिपका दिसतोय. आरशात बघत बसायचं, दुसरा उद्योग काय! फोनला महिन्याला नवं कव्हर परवडतं, दात साफ करायला मात्र विमा हवा. अर्ज परत.

१० सप्टेंबर

साहेब खूश. "बरं केलंत. एकीला दिलं की रांग लागेल." बोलायला जवळ आले की मी मान वळवते. यांचेच दात कुणी तपासावेत!

२३ सप्टेंबर

आज गाल सुजवून आली. खिडकीशी वाकून हळूच — "मॅडम, आता दुखतंय. आता चालेल?"

टोमणा! मला!

अर्ज घेतला, शिक्का मारला, दंतवैद्याकडची सोमवारची वेळ दिली. आज गुरुवार. अगदी नियमात.

२७ सप्टेंबर

ती दंतवैद्याकडे पोचलीच नाही. खिडकीशी तिची रूममेट आली, हॉस्पिटलचे कागद घेऊन. दाढेतला पू गळ्यात उतरला. शनिवारी दुपारी जिन्यातच श्वास कोंडला. घशात नळी घातलीय.

कंपनीला कागद पाठवले. बारा मिनिटांत मंजुरी! सगळा खर्च. एक प्रश्न नाही.

"थँक यू, मॅडम," म्हणाली रूममेट. मनापासून म्हणाली.

डबा न उघडता घरी आणला. ह्यांनी विचारलं, "बरं नाही का?" काय सांगणार!

६ ऑक्टोबर

नळी काढली. वाचली. दोन दाढा गेल्या, आवाज अजून घोगरा आहे म्हणे.

७ ऑक्टोबर

तिघं आली. नुसते दात तपासून हवे होते. "दुखत काहीच नाही, मॅडम." खरं बोलतात बिचारी.

कारणाच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं — असह्य वेदना. तिन्ही अर्जांवर.