समुद्रातली कोरडी विहीर

आई,

तुला वाचता येत नव्हतं आणि माझी पत्रं काका वाचून दाखवायचे. त्यामुळे जे तुला एकटीलाच सांगायचं होतं ते कधी लिहिता आलं नाही. आता तूही नाहीस, काकाही नाहीत. लिहायला हरकत नसावी.

मुंबईपासून दूर, भर समुद्रात आमचा तो लोखंडी सांगाडा तीन पायांवर उभा होता आणि खाली तेल आहे का हे बघायला आम्ही समुद्राच्या तळात विहीर पाडत होतो. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस आपल्या गावी, कडावला. विहिरीतून वर येणाऱ्या चिखलातला दगडाचा चुरा धुवायचा, चाळायचा, दिव्याखाली बघायचा आणि दिसेल ते वहीत लिहायचं, हे माझं काम. तुला सांगितलं तेव्हा तू भाकरी थापता थापता हसलीस. "लावनीच्या चिखलातून सुटावास म्हनून शिकवला, तर तितं जाऊन चिखलच चाळतोस नाय का रं?" शाळेत असताना सात पाताळांची नावं मी घडाघडा म्हणायचो, ते तुझ्या लक्षात होतं. दर सुट्टीला विचारायचीस, त्यातलं कितवं आलं. ओटीवरून काका पुस्ती जोडायचे की एवढं संस्कृत शिकून पोरगा समुद्राला भोकं पाडतोय. तू त्यांना उलट बोलायची नाहीस. फक्त त्यांच्या ताटात भात जरा जोरात पडायचा.

एके दिवशी त्या खास दिव्याखाली चुरा चमकला. दगडात तेल असलं की तो तसा चमकतो. किनाऱ्यावर आनंदाची खबर द्यायला अधीर झालेले साहेब माझ्या मागे उभे होते, आणि खोटं कशाला बोलू, मीही पेनाचं टोपण काढलं होतं. तेवढ्यात मला आपलं खळं दिसतं. मी दहा वर्षांचा. भात वाळलं का बघायला तू मला पाठवलंयस आणि मी वरून हात फिरवून वाळलं म्हणून सांगतोय. तू येतेस, एक दाणा दाताखाली धरतेस. तो कट्कन तुटत नाही, नुसता चेपतो. "वरून समदंच सुकं वाटतं. फोडून बघ, मंग बोल," म्हणतेस, आणि ते सगळं भात मला पुन्हा उन्हात पसरायला लावतेस. मी चिमट्यात एक खडा धरला आणि फोडला. आत काळोख. चमकत होतं ते वरवरचं, पाइपांच्या जोडांना लावतात ते ग्रीस. वहीत लिहिलं, तेल नाही. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणखी खाली जाऊनही काही लागलं नाही, तेव्हा सिमेंट ओतून आम्ही ती विहीर बंद केली.

घरी आलो तर काका ओटीवर, तू चुलीपाशी. तू मान वळवली नाहीस.

"लागलं का रं?"

"लागलं," मी म्हणालो.

त्या दुपारी तू मोठं पातेलं काढलंस आणि अख्ख्या आळीला तांदळाची खीर खाऊ घातलीस. काकांनी दोन वाट्या संपवल्या आणि पोरगा हुशार निघाला, असं चारचौघांत कबूल केलं. पुढे दुसऱ्या विहिरींना खरोखर तेल लागलं, पण तेव्हा तू नव्हतीस.

तुझा मान राहावा म्हणून खोटं बोललो, असं मी इतकी वर्षं स्वतःला आणि बायकोला सांगत आलो. तसं नव्हतं, आई. काकांचं वाकडं झालेलं तोंड मलाच बघवलं नसतं. आणि खीर मीही दोनदा मागून घेतली.