अ‍ॅशबर्नचा नित्य वाचक

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.१०
माझ्या वेबसाइटसाठी ज्या पडद्यावर लेख लिहितो, त्याच्या उजव्या कोपऱ्यात मोहरीएवढा एक दिवा आहे. गेले नऊ दिवस तो नारिंगी आहे. लेख उत्तम उतरला की हिरवा होतो म्हणे. चौतीस वर्षं म्हैसूरच्या पाठशाळेत संस्कृत शिकवलं, भल्याभल्यांशी वाद घातला, माझ्या वाक्यांना कोणी हरकत घेतली नाही. या दिव्याने घेतली. वाक्यं लांब आहेत, कर्मणी प्रयोग फार आहे आणि 'कीवर्ड', म्हणजे लोक गूगलवर शोधतात तो शब्द, पहिल्या परिच्छेदात नाही. दाद कोणाकडे मागायची, हे कुठेच लिहिलेलं नाही.
संकल्प: उद्यापासून आखूड वाक्यं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शिल्पश्रीकडे गेलो. अय्यंगार बेकरीच्या माडीवर तिचं ऑफिस. लोकांच्या वेबसाइट गूगलमध्ये वर चढवून देते. माझीच विद्यार्थिनी, अजूनही मला मेष्ट्रे, म्हणजे मास्तर, म्हणते. शब्दरूपांत दर वर्षी लटकायची.
म्हणाली, मेष्ट्रे, कमळाचे सत्तावीस प्रतिशब्द जगात कोणी शोधत नाही. लोक शोधतात 'मुलींची नावं, मॉडर्न, युनिक, अर्थासहित'. तेच लिहा. मी म्हणालो, हा बाजार झाला. म्हणाली, मग दुकान टाकून शटर ओढून बसणार का? काल किती जण आले तुमच्याकडे? तीन. त्यातली एक मी, एक तुम्ही.
तिसरा कोण, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. साइटवर कोण कुठून आलं त्याच्या अहवालात गावाचं नाव येतं: अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया. निरंजन तिथेच राहतो. चिरंजीव बापाचं लिखाण रोज वाचतात आणि फोनवर अवाक्षर काढत नाहीत. आमच्या घराण्याचा स्वभावच अबोल.

१० फेब्रुवारी, सोमवार
बाजारात उतरलो. मुलींची दोनशे बारा नावं, व्युत्पत्तीसह. दिवा हिरवा. उगाच बरं वाटलं, हे मान्य करायला हवं.
अ‍ॅशबर्नने त्याच दिवशी ते पान उघडलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आजही उघडलं. लागोपाठ चार दिवस. लग्नाला पाच वर्षं झालेला गृहस्थ मुलींच्या नावांचं पान रोज का उघडेल? न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात. सिंधूला, म्हणजे सुनेला, दिवस गेले आहेत. तीन महिने पुरे होईतो आमच्यात सांगत नाहीत. योग्यच आहे. मीही विचारणार नाही.
आणखी पुरावा: तिथल्या पहाटे तीनला भेट. झोप उडाली आहे बिचाऱ्याची. एका मिनिटात एक्केचाळीस पानं वाचली. लहानपणापासून वाचनाचा वेग दांडगा.
शिल्पश्रीच्या कोष्टकात 'बाउन्स रेट' म्हणून एक रकाना आहे. उंबऱ्यापर्यंत येऊन, कॉफीला न बसता परत जाणारे किती, ते त्यात कळतं. माझ्याकडे शंभरातले ब्याण्णव. उरलेल्या आठांत माझा मुलगा आहे. मला पुरे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
'गृहस्थाने झोप किती घ्यावी' हा लेख टाकला. शिल्पश्रीचा फोन: मेष्ट्रे, हे कोण शोधणार? मी म्हणालो, ज्याला हवं त्याला सापडेल. म्हणाली, त्यालाच आम्ही ऑर्गॅनिक ट्रॅफिक म्हणतो आणि तुमच्याकडे तेच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.३०
निरंजनचा फोन आला. वैदेही होती तेव्हा माय-लेक तासभर बोलत. शेवटी फोन माझ्या हातात यायचा. मी म्हणायचो, तब्येत बरी? थंडी आहे? बरं, ठेव. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून फोन सुरुवातीलाच माझ्या हातात असतो. आजही तेच विचारलं, पण शेवटी धीर करून म्हणालो, सिंधूला पपई देऊ नकोस. तो म्हणाला, अप्पा, बीपीची गोळी घेतलीत ना?
बातमी कशी लपवतो आहे, बघा.
दोन मिनिटं दहा सेकंद. गेल्या वेळेपेक्षा जास्त.

१९ फेब्रुवारी, बुधवार
शेजारच्या पद्मिनम्मांना शपथ घालून सांगितलं. कोणालातरी सांगायला हवंच होतं. संध्याकाळी खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आला. त्यामागून फुलवाली दारात उभी: काय मेष्ट्रे, आजोबा होणार आणि आम्हाला रस्त्यावर कळणार? पद्मिनम्मा म्हणाल्या, शपथ मला होती हो, माझ्या जावेला नव्हती.
संकल्प: नाव ठरवून ठेवायचं. एकशे सत्तरावं चांगलं आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
शिल्पश्रीला महिन्याचा अहवाल दाखवायला गेलो. वड्याही नेल्या. अ‍ॅशबर्नवर बोट ठेवून म्हटलं, हा माझा मुलगा.
ती वडी खाता खाता थांबली. मग हळू बोलली, ही मुलगी एरवी हळू बोलत नाही. म्हणाली, मेष्ट्रे, त्या गावात यंत्रांची मोठमोठी कोठारं आहेत. ती यंत्रं जगभरच्या साइट चाळत हिंडतात. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे अ‍ॅशबर्नहून रोज कोणीतरी येतं. टायरवाल्याकडेही येतं. मिनिटात एक्केचाळीस पानं माणूस वाचतो का?
मी म्हणालो, निरंजन वाचतो.
ती म्हणाली, एक खूण केली की ही यंत्रं मोजणीतून वगळता येतात. करू का? मी म्हणालो, नको, असू दे.
त्या गावात यंत्रं असतील. माणसंही राहतात. टायरवाल्याचा मुलगा तिथे नाही, माझा आहे. शिल्पश्री तर्कात कच्चीच होती.

२ मार्च, रविवार. सकाळी ८.५०
आज फोनवर निरंजनला सरळच विचारलं. नावांची पानं बघतोस ना?
कसली नावं, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या साइटवरची. म्हणाला, हां हां, बघतो ना अप्पा. रोज नाही जमत, पण बघतो. छान आहेत त्या रामायणाच्या गोष्टी. सिंधूलाही आवडल्या.
साइटवर रामायणाची एकही गोष्ट नाही.
मी म्हणालो, हो का? बरं. सिंधू बरी आहे? म्हणाला, एकदम. पुढच्या आठवड्यात दोघं बर्फात घसरायला जाणार आहेत. म्हणजे बाळाची बातमी, तीही नाही. थंडी आहे का, विचारलं. आहे म्हणाला. ठेवला. एक मिनिट चाळीस सेकंद.

दुपारी ३
पद्मिनम्मांना सांगून आलो. आतून जाऊ म्हणाली, अगंबाई. पद्मिनम्मांनी ताकाचा पेला पुढे केला.
थापेचा राग आला नाही. माझं मन मोडू नये म्हणून मारली त्याने. पण रामायण सोडून त्याला माझं काही आठवू नये, आणि थंडी सोडून मला त्याला काही विचारता येऊ नये! वैदेहीने इतकी वर्षं त्याच्याशी काय बोलत काढली, ते मी कधी कान देऊन ऐकलं नाही. आता कोणाला विचारू? रविवारी तोच फोन करतो. एखाद्या रविवारी त्याने नाही केला, तर मी आपण होऊन लावीन, असं मला वाटत नाही. याची भीती वाटते.