डॉक्टर कधी येणार

घाटनांदूर, ९ फेब्रुवारी १९८७

ति. तात्यांस, शिवकन्येचा सा. न. वि. वि.

आईच्या पत्रातून कळलं, की तुमचं आतडं उतरलंय आणि तुम्ही वरून पट्टा आवळून दुधाचे कॅन उचलता. दूध संस्थेचे सेक्रेटरी तुम्ही, हमाल कधी झालात? यंदा दुष्काळाने गुरं छावणीत आहेत, कॅन अर्धे रिकामे असतात, तेवढंच बरं. तात्या, हा हर्निया आहे. पट्ट्याने जात नाही, ऑपरेशनच करावं लागतं.

आता माझं गाऱ्हाणं. कारखान्याच्या दवाखान्यात मी सर्जन म्हणून लागले, पण पेंटरने दारावर ‘डॉक्टरीणबाई’ असं रंगवलं. गडीमाणसं मला डॉक्टरांची बायको समजतात. बाकावर बसून डॉक्टर कधी येणार, हे मलाच विचारतात. मीच डॉक्टर म्हटलं की धोतर सावरून उठतात. बायका मात्र बाळंतपणाला रीघ लावतात. चेअरमन धोंडीराम अण्णा म्हणतात, तुम्ही बाळंतपणं सांभाळा, कापाकापीला गडी डॉक्टर आणू. मार्चच्या बैठकीत ते ठरेल. तसं झालं तर इतकी वर्षं शिकलेला हात वाया जाईल.

म्हणून म्हणते, तुम्ही इथे या. आपल्या माणसावर सर्जनने सुरी चालवू नये असं सांगतात, पण हर्नियावर माझा हात बसलेला आहे. टँकरचं पाणी गाळून, उकळून थिएटर तयार ठेवते. माझी डिग्री इथे कोणी वाचत नाही. खुद्द बाप टेबलावर झोपला म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपेल.

संध्याकाळी क्वार्टरमध्ये बोलायला कोणी नसतं. फार एकटं वाटतं, म्हणून पत्र लांबलं. आईला नमस्कार. आपला लोभ या उन्हाळ्यात आटू देऊ नये.

आपली,
शिवकन्या

आष्टी, १७ फेब्रुवारी १९८७

चि. शिवकन्या हिस तात्यांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आईने मला चांगलंच धारेवर धरलं. कॅन उचलणं बंद केलंय. तुझ्याकडे येतो. छावणीतल्या चाऱ्याचं मार्गी लागलं की एसटी धरतो. लहानपणी तू बाहुलीचं पोट फाडून भुसा काढायचीस आणि परत शिवायचीस, तेव्हा तुला रागे भरायचो. आता त्याच हाताखाली यायचं आलं. जागा जरा अवघड आहे, लेकीपुढे संकोच वाटतो, पण मनाची समजूत घालतो आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. म्हाताऱ्यांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे,
तात्या

आष्टी, १४ मार्च १९८७

चि. शिवकन्या हिस अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस. बुधवारी नगरला माझं ऑपरेशन झालं, आज घरी आलो. तुझ्याकडे यायलाच पिशवी भरून निघालो होतो. स्टँडवर बीडची गाडी लागलेली होती, पण चढायला पाय उचलेना. आपल्या संस्थेतला सुग्रीव सोबत होता. तो म्हणाला, तात्या, लेकीपुढं धोतर कसं वो सोडायचं? माझ्याही मनात तेच घोळत होतं. तेवढ्यात नगरची गाडी आली, तीत बसलो.

डॉक्टर पोरगेलासाच आहे. मुलंबाळं काय करतात, असं त्याने विचारलं. लेक सर्जन आहे म्हटलं असतं तर इथे कशाला आलात म्हणाला असता. म्हणून मी सांगितलं, की एक मुलगी आहे, दवाखान्यात सिस्टर आहे. तुमच्या कारखान्याचे संचालक राधाकिशनराव तिथे पाहुण्याला बघायला आले होते. त्यांनी मला ओळखलं आणि मोसंबी देऊन गेले. भला माणूस. पुढच्या शनिवारी टाके काढायला बोलावलंय.

मनात अढी धरू नकोस. दोन ओळी तरी लिही.

तुझे,
तात्या

घाटनांदूर, १७ मार्च १९८७

ति. तात्यांस, शिवकन्येचा सा. न.

तुमचं पत्र आज पोहोचलं. राधाकिशनराव त्याआधीच पोहोचले होते. काल बैठकीत त्यांनी तुमची खुशाली सगळ्यांना सांगितली. त्यावर धोंडीराम अण्णा म्हणाले, खुद्द बाप नगरला गेला, मग आमी कावून हिच्यापुढं आडवं व्हायचं? पेपरात सर्जनची जाहिरात द्यायचं ठरलं. एक तारखेपासून मी बाळंतपणाच्या खोलीत.

तुमचा संकोच मला समजतो. त्याचा राग नाही. पण तुम्ही मला सिस्टर म्हणालात, ते फार लागलं. मी रडले, हे लपवत नाही. इथे कोणी मला डॉक्टर मानलं नाही तरी आष्टीत एक माणूस मानतो, या आधारावर मी दिवस काढत होते.

जखम कोरडी ठेवा. खोकला आला तर वरून हाताने दाबून धरा. जड काही उचलू नका. शनिवारी नगरला जाऊ नका, एसटीच्या धक्क्यांनी दुखेल. मी रजा टाकली आहे, सकाळच्या गाडीने तिकडे येते. टाके काढायला तरी माझ्यापुढे आडवे व्हा.

आपली,
शिवकन्या