गाडीले हात लाऊ नको

नाना, दुपारपासून दोन बॅगा पलंगावर उघड्या पडल्या आहेत आणि मला तुमचा राग येतो आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर इतकी वर्षं राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

पुढच्या आठवड्यात आम्ही न्यूझीलंडला निघालो आहोत. तुमची नात तिथे नोकरीला आहे, तिनं बारा दिवसांसाठी मोठी गाडी ठरवली आहे. डोंगर, तळी, समुद्र, सगळं रस्त्यानं पाहायचं. जावयांना तुम्ही ओळखताच, ते सायकलच्या पुढे गेले नाहीत. म्हणजे पहिले सहा दिवस गाडी मी चालवणार, नंतरचे सहा पोरगी. जळगावच्या आरटीओतून मी आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला. त्यावरचा माझा फोटो पाहिला आणि पहिला विचार आला तो तुमचा. अभिमानाचा नव्हे. हे तुमच्या तोंडावर मारायला हवं होतं, हा.

मायही येते आहे. होय, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, चार पायांची काठी घेऊन. पासपोर्टवर तिनं डाव्या हाताचा अंगठा दिला. तिच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, जाड मोजे, सगळं मी वेगळ्या पिशवीत भरलं. वाळवणातले ज्वारीचे बिबडे न्यायचे म्हणून ती हटून बसली. पोरगी फोनवर सांगत होती की तिकडच्या विमानतळावर खायच्या वस्तू कागदावर लिहून दाखवाव्या लागतात, नाहीतर दंड. मी म्हटलं, "माय, राहू दे ना बिबडे." ती म्हणाली, "नही." झटका आल्यापासून तिच्याकडे दोनच शब्द उरलेत हे तुम्हाला ठाऊक आहे, 'शे' आणि 'नही', आहे आणि नाही. सोळा वर्षं ती या दोन शब्दांवर संसार करते आहे.

बिबड्यांचं मी मान्य केलं. पण मग डाव्या हातानं ट्रंक उघडून तिनं तुमचा बिल्ला काढला, एसटी ड्रायव्हरचा, पितळी, आणि माझ्या बॅगेत कपड्यांच्या घडीखाली सारला. मी काढला. तिनं परत ठेवला. मी म्हटलं, "नानांचं काय काम आहे तिथं?" तर म्हणाली, "शे." मी तिसऱ्यांदा काढला आणि मोठ्यानं बोलले, तिच्यावर, जिच्यावर बोलायला नको होतं तिच्यावर. ती बिल्ला मुठीत धरून गॅलरीत जाऊन बसली. म्हणून मी हे लिहायला बसले.

मी अकरा वर्षांची असताना शाळेतून परस्पर तुमचा डबा घेऊन डेपोत आले होते. तुमची गाडी रिकामी उभी होती. मी चढले आणि तुमच्या सीटवर बसले. पाय पोचत नव्हते, स्टेअरिंगला नुसता हात लावला होता. तुम्ही खालून ओरडलात, "काय करी ऱ्हायनी तठे? उतर खाले! बाईनं काम शे का हाई?" दंडाला धरून उतरवलंत, कंडक्टर लोकांसमोर कानाखाली दिलीत. ते मी विसरलेही असते. पण नंतर तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढला आणि ती सीट पुसलीत.

नाना, तुम्हीच सांगायचात ना, तरुणपणी गावच्या हॉटेलात तुमची कपबशी वेगळी ठेवत, तुम्ही उठलात की बाकड्यावर पाणी मारत. ड्रायव्हर झालात तेव्हा म्हणाला होतात, आता ते बठ्ठा लोके, सगळेच्या सगळे, माझ्यामागे बसतात, मी नेईन तिकडे येतात. विहारातल्या सभेत समतेवर तुमच्याइतकं कोणी बोलत नसे. आणि लेकीखालची सीट तुम्ही पुसलीत. तुम्ही! दुसऱ्या कोणी पुसली असती तर मी समजले असते.

पुढे रिटायर झाल्यावर तुम्ही जुनी जीप घेतलीत. काकांच्या पोराला शिकवलंत, त्यानं ती दोनदा नाल्यात घातली तरी हसलात. मी सुट्टीत माहेरी आले की ओट्यावर बसून बघायची. क्लच कधी दाबतो, गिअर कधी पडतो, त्याचं काय चुकतं, हे मला त्याच्याआधी कळायचं. लहानपणापासून एसटीत मी तुमच्या पाठीमागच्याच जागेवर बसत आले होते. पण शिकवा म्हणायची हिंमत झाली नाही. सीट पुसलेली डोळ्यांसमोर यायची.

आणि मग तो दिवस. शहाद्याला लग्न होतं, अर्धी वस्ती वऱ्हाडाच्या ट्रकनं तुमच्याबरोबर गेली होती, काकांचा पोरगाही. मागे म्हातारी माणसं, बाया आणि लेकराला घेऊन मी. दुपारी माय भांडी घासता घासता कलंडली. तोंड वाकडं, उजवा हात लाकडासारखा. तुम्हाला फोन लावला, उचलला नाहीत. फोन करून दवाखान्याची गाडी यायची सोय तेव्हा नव्हती. धुळे पाऊण तासावर. जीप समोर लिंबाखाली उभी, चावी खिळ्याला.

मी चावी घेतली. जीप सुरू केली. पहिला गिअर टाकला आणि ती निघाली, नाना. एक हिसका बसला आणि निघाली. लिंबाखालून वळवून मी ती ओट्याला आणून लावली. शेजारच्या अक्कानं मायच्या काखेत हात घातले होते, आता दोघींनी उचलायचं एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात तुमचा फोन आला.

"काय व्हयनं?"

"माय पडली. बोलत नाही. मी जीप घेऊन धुळ्याला निघते."

"येडी व्हयनी का तू? मारी टाकशी तिले. गाडीले हात लाऊ नको. मी येस."

मी इंजिन बंद केलं. अक्का म्हणाली, "चाल ना बेटा, काय दखी ऱ्हायनी?" मी म्हटलं, "नाना येतात म्हणाले." मग आम्ही मायला चादरीवर निजवून वारा घालत बसलो. तुम्हाला यायला सव्वादोन तास लागले. धुळ्याच्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघून विचारलं, "इतका वेळ काय करत होतात?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी जमिनीकडे.

तुम्ही गेल्यावर चारच महिन्यांनी मी जळगावात ड्रायव्हिंगचा क्लास लावला. शिकवणारा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, तुम्हाला आधीपासून येतं, खोटं का बोलता?" मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडले. तो बिचारा घाबरून खाली उतरून उभा राहिला.

तुम्ही चांगले ड्रायव्हर होतात हे मी नाकारत नाही. तुमच्या गाडीत बाया मांडीवर लेकरं घेऊन निर्धास्त झोपायच्या. मायचं तुम्ही शेवटपर्यंत केलंत, तिची वेणीसुद्धा घालत होतात, तेही मी पाहिलं. त्यानं माझा राग कमी होत नाही. वेणी घालायची वेळ आणलीत कोणी?

आत्ता माय आत आली. बिल्ला तिनं तिच्या गोळ्यांच्या पिशवीत टाकला आणि माझ्याकडे बघत चेन ओढली. तिचा नवरा होता, तिनं न्यावा.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून जे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही ते लिहिते. दवाखान्यातून आल्यावर लोक मायला भेटायला यायचे तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, "मन्ही पोर शहाणी शे. गाडीले हात नही लावा तिनी." लिंबाखालची जीप ओट्याला कशी आली, हे तुमच्यासारख्या ड्रायव्हरला दिसलं नसेल असं होणार नाही. तरी तुम्ही तेच सांगत राहिलात, आणि मी चहाचे कप घेऊन उभी, मान हलवत होते. माय आतल्या खोलीत मुकी पडलेली होती, आणि तुमच्या तोंडून पहिल्यांदाच 'शहाणी' ऐकून मला बरं वाटलं होतं.